मदत हवी आहे: अ‍ॅप अपडेट झालं आणि स्पीकर गायब

घरात एकाच कंपनीचे ४ वायरलेस स्पीकर आहेत. परवापर्यंत छान चालत होते. अ‍ॅप आपोआप अपडेट झालं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातला त्यात दिसतच नाही. बाकीच्यांचा आवाज कमी करायला बोट सरकवलं की आठ-दहा सेकंदांनी कमी होतो, तोवर झोपलेलं बाळ उठतं.

राउटर बंद-चालू केला, फोनमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी तपासली, सगळं वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर आणलं. काही फरक नाही. कस्टमर केअर म्हणतं, फॅक्टरी रीसेट करा. पण त्यात सगळं सेटिंग पुसलं जाणार, आणि दोष अ‍ॅपमध्येच असेल तर पुन्हा जोडायचे कसे? चांगली चालणारी वस्तू अशी बिघडवली, फार राग येतोय.

स्पीकरचं फर्मवेअरही (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललंय. अशा वेळी जुनं अ‍ॅप परत इन्स्टॉल करून कुणाचं काम झालंय का?