दारातला कॅमेरा ऐकतोय : तुमचे अनुभव लिहा

सिंहगडरोडकरीण

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, शेवटी धागा काढतेच.

आमच्या मजल्यावर समोरासमोर दारं आहेत. समोरच्या काका-काकूंनी दिवाळीआधी दारावर कॅमेरा बसवला, सोसायटीत कुरियरचे बॉक्स गायब होत होते म्हणून, त्यात काहीच चूक नाही, उलट मी म्हणाले बरं झालं, आमच्या चपलांवरही लक्ष राहील. आता आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहितीच आहे. पाहुणे घरात दोन तास बसतात, चहा-पोहे होतात, आणि खरा विषय निघतो तो चपला घातल्यावर, दारात. मावससासूबाई आल्या होत्या, त्या आणि सासूबाई दारात उभ्या राहून गावच्या जमिनीचं बोलल्या, कोणाचा वाटा किती, कोण सही करत नाहीये, सगळं. पंधरा दिवसांनी काकू लिफ्टमध्ये सासूबाईंना विचारतात, "मग, जमिनीचं मिटलं का हो?" सासूबाईंना वाटलं मीच बोलले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं, नवरा बिचारा मधल्यामधे.

पुढे एकदा काकांच्या नातवाने कौतुकाने जिन्यातल्या मांजरीची क्लिप दाखवली, तर मागे आमच्या कुकरच्या शिट्ट्या आणि मी पोराला "गधड्या, दप्तर कुठे टाकलंस" म्हणून ओरडतेय ते स्वच्छ ऐकू येतंय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चित्र काढतात हे माहीत होतं, आवाज पण घेतात हे खरंच ध्यानात नव्हतं. तुमच्याकडे असं काही झालंय का? आणि काकांना हे सांगावं कसं, संबंध न बिघडवता?

वायरमन

ताई मी हेच काम करतो, १२ वर्षं झाली, माल तपकीर गल्लीतून उचलतो. पूर्वीचे कॅमेरे मुकेच असायचे, आवाज पाहिजे असेल तर माईक वेगळा घ्यावा लागायचा, त्याची वायर वेगळी ओढायची, म्हणून कोणी भानगडीत पडत नव्हतं. आता वायफाय कॅमेऱ्यात माईक आतच येतो, आणि केबलवाल्यातही बऱ्याच मॉडेलला आत माईक असतो, चित्र न्यायच्या त्याच केबलमधून आवाज डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीला जातो. बहुतेक वायफायवाल्यांना पेटीतून काढल्यापासून आवाज चालूच असतो. गिऱ्हाईक विचारत नाही, आम्ही सांगत नाही, खरं तेच सांगतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. अ‍ॅपमध्ये लाइव्ह बघताना स्पीकरचं चित्र असतं ते बंद केलं की लोकांना वाटतं झालं बंद. ते फक्त तुमच्या मोबाईलचा आवाज बंद करतं, कार्डवर रेकॉर्डिंग चालूच राहतं. बंद करायचं तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ रेकॉर्डिंग बंद करायचं, डीव्हीआर असेल तर एकेका चॅनलला जाऊन ऑडिओची खूण काढायची. मग एक क्लिप काढून परत ऐकून बघायची, नुसता विश्वास ठेवायचा नाही.

आणि पासवर्ड बदला बाबांनो. अर्धे गिऱ्हाईक म्हणतात "तूच ठेव, आम्हाला कुठे लक्षात राहतंय". मी ऐकत बसत नाही, मला वेळ नाही तेवढा, पण बसलो असतो तर?

पेठेतली पोर

मी एमपीएससी करते, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीये. आमच्याकडे डोक्यावर कॅमेरा आहे आणि तो नुसता ऐकत नाही, बोलतो पण! दुपारी दोघी जणी हळू आवाजात निकालाबद्दल बोलत होतो, आणि वरून एकदम आवाज, "खिडकीजवळच्या मुली, गप्पा बाहेर." सगळी खोली वळून बघतेय. मालक तेव्हा गावाला होते म्हणे. शांतता पाहिजे हे मान्य, पैसे त्याचेच भरतो. पण नंतर लक्षात आलं की आम्ही डबे खातो त्या कोपऱ्यातही तसलाच कॅमेरा आहे, आणि तिथे आम्ही काय काय बोलतो, घरून पैसे आले नाहीत, कोणाचं लग्न ठरवतायत, कोण रात्री रडली. आता आम्ही डबा टिळक रोडवर फुटपाथला उभं राहून खातो, उन्हात.

लांबचा मुलगा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, ऐकणाऱ्याच्या.

बाबा कर्वेनगरला एकटे, मी बंगळूरला. आई गेल्यावर दिवसभरासाठी मावशी ठेवल्या आणि बाबांच्या खोलीत कॅमेरा. बाबांना सांगितलं होतं, मावशींना पण सांगितलं होतं की कॅमेरा आहे. आवाजाचं वेगळं असं काही सांगितलं नाही, माझ्याच डोक्यात आलं नाही. सुरुवातीला फक्त बघायचो, गोळ्या घेतल्या का, जेवले का. मग एकदा ऑफिसात मीटिंग रद्द झाली आणि हेडफोन कानात होता म्हणून आवाज लावला. बाबा मावशींना सांगत होते, "तो फोन करतो ना, तेव्हा मी मुद्दाम हसून बोलतो. नाहीतर तो तिकडे नेणार मला." आणि मग आईबद्दल बोलत राहिले, बराच वेळ, जे माझ्याशी कधीच बोलले नाहीत. मावशी मधेमधे "हो ना आजोबा" एवढंच म्हणत होत्या, आणि बहुतेक भाजी निवडत होत्या कारण शेंगा मोडल्याचा आवाज येत होता.

मी ते पूर्ण ऐकलं. बंद करायला हवं होतं, नाही केलं. आता अडचण अशी की बाबा फोनवर हसले की मला माहितीये ते का हसतायत, आणि मला माहितीये हे त्यांना सांगता येत नाही. आवाज त्याच रात्री बंद केला. मावशींनाही सांगितलं की आधी चालू होता. त्या म्हणाल्या, "दादा, मला वाटलंच होतं, मी फोन गॅलरीत जाऊनच घेते." म्हणजे त्यांना कळलं होतं, मला आणि बाबांनाच नव्हतं.

मावशींची लेक

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी आई कोथरूडला पाच घरी काम करते, त्यातल्या तीन घरांत कॅमेरा आहे. एका घरी भांडी घासताना माझ्या आजारी मामाचा फोन आला म्हणून ती दोन मिनिटं बोलली, तर ओट्याच्या वरून आवाज आला, "मावशी, फोन नंतर." ताई ऑफिसात होत्या. आई म्हणते चोरीचा आळ येण्यापेक्षा कॅमेरा बरा, एकदा अंगठी सापडेना तेव्हा कॅमेऱ्यामुळेच ती सुटली. म्हणून बघण्याचं तिला काही वाटत नाही. पण पगार वाढवून मागायचा विषय आम्ही घरी ठरवतो, तो ती दुसऱ्या कामवालीशी त्या घरात बोलत नाही आता, खाली गेटवर बोलते. आणि गेटवर पण कॅमेरा आहेच.

नाईलाजाने सेक्रेटरी

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून. आमच्या सोसायटीत एका सभासदाने रात्री वॉचमनला आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे म्हणाला मी फक्त विचारलं. गेटच्या कॅमेऱ्यात आवाज होता म्हणून त्या पोराची नोकरी वाचली. नुसत्या चित्रात काय दिसलं असतं, एक माणूस हात हलवतोय.

पण हेही कबूल करतो की ती क्लिप कमिटीतल्याच कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि त्यात मागे बाकावर बसलेल्या दोन सभासदांचं भलतंच बोलणं पण ऐकू येत होतं. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. आता डीव्हीआर कुलपात आहे, किल्ली माझ्याकडे, आणि मला झोप नाही.

कोर्टकचेरी

वकील आहे, थोडक्यात लिहिते, सल्ला म्हणून घेऊ नका. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं, घटनेचं कलम २१. ऐकून छान वाटतं, पण समोरच्या काकांच्या कॅमेऱ्यापर्यंत ते पोचवणं सोपं नाही. आयटी कायद्याचं ६६ई शरीराच्या खाजगी भागाच्या चित्रांबद्दल आहे, आवाजाबद्दल नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळलेली आहे. अभ्यासिका किंवा सोसायटी म्हणजे कोणाचं घरगुती काम नव्हे, तिथे प्रश्न वेगळा. एकाच घरात राहणाऱ्या भावाभावांच्या वादात मात्र कलकत्ता हायकोर्टाने २०२५ मध्ये म्हटलंय की सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही.

गंमत बघा, डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सुप्रीम कोर्टानेच पोलीस ठाण्यांत आवाजासकट कॅमेरे लावा असं सांगितलं, रेकॉर्डिंग शक्यतो १८ महिने ठेवा म्हणून. तिथे आवाज पाहिजेच, कारण आत बसलेला माणूस नंतर काही म्हणाला तर त्याचं कोण ऐकणार. सेक्रेटरींच्या वॉचमनचं तसंच झालं. मावशींच्या बाबतीत नेमकं उलटं.

सिंहगडरोडकरीण, नोटीस वगैरे पाठवू नका. एका मजल्यावर राहायचंय. आधी चहाला बोलवा.

टवाळ

पाटी सुचवतो : "आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात. कॅमेरा बहिरा नाही. उत्तराची अपेक्षा ठेवू नये."

सिंहगडरोडकरीण

अपडेट देते. वकीलताईंचं ऐकलं, काका-काकूंना चहाला बोलावलं. नवऱ्याने सहज म्हणून विषय काढला की नवीन कॅमेऱ्यात आवाज पण येतो म्हणे, बघू या का तुमच्यात. काका खरंच चाट पडले, त्यांना माहितीच नव्हतं. काकू मात्र बिस्किट चहात बुडवून बघत बसल्या, ते विरघळून पडलं तरी. वायरमनदादांनी सांगितलं तसं सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, क्लिप काढून ऐकली, शांत. काका दोनदा सॉरी म्हणाले. सासूबाईंनी मला काही म्हटलं नाही पण रात्री माझ्या ताटात आंबोळी जास्तीची वाढली, समजून घेतलं.

परवा मावससासूबाई पुन्हा आल्या होत्या. निघाल्या, चपला घातल्या, दारात थबकल्या, वर कॅमेऱ्याकडे बघितलं. म्हटलं अहो बंद केलाय आवाज, बोला. तरी चपला हातात घेऊन परत आत आल्या, सोफ्यावर बसून अर्धा तास जमिनीचं बोलल्या. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि काकू विचारतायत, "पाहुण्या गेल्या का गं?"