लॅपटॉपची स्क्रीन नेमकी केवढी असावी? : अनुभव धागा

लॅपटॉप घेताना आपण सर्वांत आधी ‘किती इंची?’ असे विचारतो, आणि त्या उत्तरातून आपल्याला हवे ते कळलेच नव्हते, हे वर्षभर वापरल्यावर ध्यानात येते. या धाग्यात तेच अनुभव मागवत आहे. विनंती एवढीच की, निदान वर्षभर रोज हाताळलेल्या यंत्राबद्दलच लिहावे, इंचांबरोबर पडद्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण आणि आपल्या कामाचे स्वरूप सांगावे, आणि पुढच्या लॅपटॉपमध्ये काय हवे, काय नको, ते कारणासह नोंदवावे. अमुक कंपनी चांगली की तमुक, हा वाद येथे नको.

सुरुवात मीच करतो. माझ्याकडे तीन काळांतले तीन लॅपटॉप आहेत: सर्वांत जुना १४.१ इंची आणि ४:३ प्रमाणाचा, मधला १७.३ इंची आणि १६:९ प्रमाणाचा, सध्याचा १६ इंची आणि १६:१० प्रमाणाचा. मागच्या आठवड्यात फूटपट्टी घेऊन तिन्ही पडद्यांची उंची मोजली, तर तिन्ही ठिकाणी ती साडेएकवीस सेंटिमीटरच भरली. आपल्याला सांगितला जाणारा आकडा कर्णाचा असतो, हे शाळेतल्या भूमितीइतके साधे आहे. परंतु पडदा जितका पसरट तितका तो कर्ण उंची न वाढताही फुगतो, हे यंत्र विकत घेताना कोणाच्या मनात येते? १४.१ वरून १७.३ वर जाताना मी रुंदीत साडेनऊ सेंटिमीटरांहून थोडे अधिक मिळवले आणि उंचीत काहीच नाही. माझे काम लांबलचक मजकूर वाचण्याचे असल्याने मिळवलेली ती रुंदी मजकुराच्या दोन्ही बाजूंना पांढरी मोकळी पडून राहिली.

मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या एक वाचक लिहितात:

वरच्या मोजमापात माझ्या फजितीची भर घालते. माझा पहिला लॅपटॉप १४.१ इंची होता आणि त्यावर १०२४ गुणिले ७६८ ठिपके (पिक्सेल) होते. तो थकल्यावर मी हौसेने १५.६ इंची घेतला. त्यावर होते १३६६ गुणिले ७६८. नीट पाहिले तर उभे ठिपके दोन्हींवर तेवढेच आहेत. पूर्वी साडेएकवीस सेंटिमीटरांत मांडलेले ७६८ ठिपके आता साडेएकोणीस सेंटिमीटरांत दाटीवाटीने बसवले होते, म्हणजे पानावर एकही ओळ जास्त दिसेना, उलट अक्षर मात्र बारीक झाले. दीड इंच ‘मोठा’ पडदा घेऊन मी अक्षराचा आकार गमावून बसले होते.

देवनागरी मजकूर तपासणाऱ्याला याची किंमत जरा जास्तच मोजावी लागते, कारण आपल्या लिपीत अर्थ पुष्कळदा ओळीच्या वर आणि खाली राहतो. एका इंचात जेमतेम शंभर ठिपके असणाऱ्या त्या पडद्यावर पान पूर्ण दिसेल इतके लहान केले की ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला उकार एकसारखा काळा डाग होऊन जाई आणि अनुस्वार शिरोरेषेत विरघळे. एका पुस्तकाची छापील प्रत हातात आली तेव्हा ‘त्यांनी’चा अनुस्वार सात ठिकाणी उडालेला सापडला, आणि त्या सातही जागा मी पडद्यावर दोनदा वाचलेल्या होत्या. त्यानंतर कित्येक महिने मी शेवटचे वाचन कागदावर छापूनच करत असे.

आता माझ्याकडे १३.५ इंची, ३:२ प्रमाणाचा लॅपटॉप आहे. कर्ण दोन इंचांहून अधिक लहान झाला, तरी उंची १९ सेंटिमीटर, म्हणजे आधीच्या पडद्याहून जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी आहे. आणि प्रत्येक इंचात सुमारे दोनशे ठिपके असल्यामुळे अख्खे पान एका नजरेत घेतले तरी उकार ओळखू येतो. टीव्हीचे पडदे १६:९ या प्रमाणाचे, म्हणून त्याच प्रमाणाचे तुकडे कापणे पडदे बनवणाऱ्यांना सोयीचे आणि स्वस्त पडू लागले, आणि २००८ नंतरच्या काही वर्षांत जवळजवळ सगळे लॅपटॉप त्या साच्यात गेले. चित्रपट पाहणाऱ्यांची त्यात सोय झाली असेल. वाचणाऱ्यांना मात्र कोणी विचारले नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत १६:१० पुन्हा सर्रास दिसू लागले आहे, हे पाहून बरे वाटते. पुढच्या यंत्राकडून माझी मागणी एकच आहे: पेटीवर इंचांच्या शेजारी पडद्याची उंची सेंटिमीटरमध्ये छापावी.

हिशेबनीस वाचकाचे मत वेगळे आहे:

रुंदीला एवढे हिणवू नये. माझ्या तक्त्यात बारा महिन्यांचे बारा रकाने, डावीकडे खात्यांची नावे आणि उजवीकडे एकूण, असे चौदा रकाने एकदम दिसले पाहिजेत; ते १५.६ इंची, १६:९ पडद्यावर दिसतात आणि उंच चौकोनी पडद्यावर शेवटचे दोन कडेबाहेर जातात. आकडे टाकणाऱ्याला त्या रुंदीचा दुसरा लाभ असा की, कळफलकाच्या उजवीकडे अंकांच्या कळांचा वेगळा गट मावतो, आणि तो गट नसलेल्या यंत्रावर मी दिवसाचे काम दीड दिवसात करतो.

तथापि त्या गटाची जी शिक्षा भोगली, तीही सांगतो. अंक उजवीकडे आले की अक्षरांच्या कळा आणि टचपॅड डावीकडे सरकतात, पडदा मात्र मध्यभागीच राहतो. दोन वर्षांत माझी खुर्ची, माझ्याही नकळत, टेबलाच्या मध्यापासून चार बोटे डावीकडे जाऊन स्थिरावली. हात कळांसमोर आणि मान पडद्याच्या मध्याकडे वळलेली, अशा बैठकीत मानेची उजवी बाजू दुखू लागली, तेव्हा कारण शोधताना मी उशी बदलली, चष्मा तपासून घेतला, पण खुर्ची कुठे उभी आहे याकडे पाहिले नाही. आता अंकांचा गट सुटा घेतला आहे. पत्र लिहायचे असले की तो उचलून बाजूला ठेवता येतो. रुंद पडदा, मध्यावर बसवलेली अक्षरे आणि लोहचुंबकाने कडेला चिकटणारा सुटा अंकगट, असा लॅपटॉप कोणी काढला तर रांगेत पहिला मी असेन.

जमीन मोजणीच्या कामावर असलेले एक जण थोडक्यात लिहितात:

माझा वाद इंचांशी नाहीच. उघड्यावर काम करणाऱ्याला पडदा किती मोठा यापेक्षा तो दिसतो की नाही, याची चिंता असते. चकचकीत, अडीचशे निट उजेडाच्या पडद्यात दुपारी मला नकाशाऐवजी माझाच चेहरा दिसे, आणि डोक्यावरून जॅकेट ओढून त्या अंधारात मी रेषा मोजत असे. आता पाचशे निटांचा, चमक न परतवणारा १४ इंची पडदा आहे. जॅकेट अंगावर राहते. दुसरे म्हणजे वजन मोजताना चार्जर विसरू नये, कारण माझ्या जुन्या यंत्राचा चार्जर एखाद्या विटेच्या तुकड्यासारखा होता. यूएसबी-सीने तो त्रास बराच मिटवला. युरोपीय संघाने हा एकच सांधा फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून बंधनकारक केला, हे उत्तम झाले. मात्र तो सांधा यंत्राच्या दोन्ही बाजूंना असावा, नाही तर तार नेमकी आडवी येते.

चित्रफितींचे संकलन करणाऱ्या वाचकाकडून:

मी १७.३ इंची यंत्र चार वर्षे वापरले आणि त्याला लॅपटॉप म्हणणे ही सवय होती, वस्तुस्थिती नव्हे. मांडीवर ते कधी ठेवलेच नाही. मोठा पडदा, जोरदार चित्रप्रक्रियक (ग्राफिक्स कार्ड) आणि पंखे यांना वीज पुष्कळ लागते, आणि बॅटरी हवी तेवढी मोठी करता येत नाही. विमानात विशेष परवानगीविना शंभर वॉट-तासांपर्यंतचीच लिथियम बॅटरी नेता येते, म्हणून भारी यंत्रांतही तो आकडा नव्व्याण्णवच्या आसपास थांबतो. त्यामुळे ‘मोठी स्क्रीन आणि दिवसभर चालणारी बॅटरी’ अशी मागणी करणाऱ्यांनी आपण काय मागतो आहोत, याचा विचार करावा. ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या, पडद्याचा काळा रंग अप्रतिम आहे. परंतु संकलनाच्या खिडकीतली तीच ती अवजारपट्टी रोज आठ तास एकाच जागी उजळत राहिल्याने तिसऱ्या वर्षी करड्या पार्श्वभूमीवर तिची पुसट सावली दिसू लागली. रंग तपासणाऱ्याला ती सावली रोज टोचते.

मानेच्या दुखण्यानंतर व्यवस्था बदललेल्या एक वाचक:

हिशेबनिसांच्या खुर्चीबद्दल वाचून हसू आले नाही, कारण मी त्याच वाटेने गेले आहे. लॅपटॉपची मूळ अडचण मापात नसून पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले आहेत, यात आहे. हात सोयीच्या उंचीवर ठेवावेत तर मान खाली झुकते आणि पडदा डोळ्यांसमोर आणावा तर खांदे वर चढतात. मिटणाऱ्या शिंपल्यासारखा हा आकार १९८२च्या ग्रिड कंपास या लॅपटॉपपासून चालत आला आहे आणि चाळीस वर्षांत तो पातळ झाला, एवढेच. माझ्यापुरते उत्तर असे निघाले की, बरोबर नेण्यासाठी १३ इंची हलके यंत्र आणि टेबलावर २७ इंची मॉनिटर व सुटा कळफलक. मॉनिटर नसेल तेथे लॅपटॉपखाली जाड पुस्तके रचते. ज्याला एकाच जागी बसून काम करायचे आहे त्याने १४ की १६ हा खल थांबवून ते पैसे मॉनिटरवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीचे काम करणारे एक सदस्य:

माझ्या टेबलावर जे येते त्यावरून बोलतो. पडदा स्वतःहून क्वचितच बिघडतो. बिघडते ती बिजागरी आणि तिच्यातून पडद्याकडे जाणारी चपटी तार. झाकण पातळ करण्याच्या नादात बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या इवल्याशा खुंट्यांत बसवतात, बिजागरी मात्र मोठ्या पडद्याचे वजन पेलण्यासाठी कडक ठेवतात, आणि माणूस झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो. वर्ष-दीड वर्षात खुंटी उपटून येते, झाकणाच्या कडेला नखाएवढी फट दिसू लागते, आणि गिऱ्हाईक तरीही आणखी सहा महिने तसेच वापरते. फट दिसली त्या दिवशी आणले तर खुंटी पुन्हा बसवता येते. उशीर झाला की तार कातरते आणि पडद्यावर उभ्या रेषा येतात. झाकण नेहमी मध्यावर धरून उघडावे.

म्हणूनच घडी होणाऱ्या आणि गुंडाळीतून वर येणाऱ्या पडद्यांबद्दल उत्साहाने विचारणाऱ्यांना मी जरा थांबायला सांगतो. २०२२ मध्ये १७.३ इंची पडद्याची घडी घालणारे यंत्र आले. २०२५ च्या जानेवारीत १४ इंचांवरून १६.७ इंचांपर्यंत उंच होणारा पडदा दाखवला गेला, आणि मुद्रितशोधक बाईंना हवी असलेली उंची नेमकी त्यातच आहे, हे मान्य. परंतु जितके हलणारे भाग, तितक्या झिजणाऱ्या जागा. जुन्या लोकांना १९९५चा थिंकपॅड ७०१ आठवत असेल: पडदा १०.४ इंची, म्हणून पुरता कळफलक मावेना, म्हणून झाकण उघडताच फुलपाखराच्या पंखांसारखे कळफलकाचे दोन भाग बाहेर सरकून जुळत. यंत्ररचना सुरेख होती. लवकरच पडदे रुंद झाले आणि तिची गरजच संपली.

भविष्यातल्या लॅपटॉपकडून मला नवलाई नको, स्क्रूड्रायव्हर घालायला जागा हवी. मदरबोर्डला डकवलेली मेमरी ही माझ्या धंद्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, कारण एक चिप गेली की सगळा बोर्ड जातो. पातळ यंत्रातही मेमरी सुटी बसवता यावी यासाठी कॅम-२ हे मानक डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले आहे. ते सर्रास कधी होते, याकडे डोळे लावून बसलो आहे.

बहुकेंद्री चष्मा वापरणारे एक ज्येष्ठ वाचक:

जास्त ठिपके म्हणजे मोठे अक्षर, असे समजून मी एकदा फसलो. अक्षर मुंगीएवढे झाले आणि ते दीडशे टक्के केल्यावर पडद्यावरची जागा पूर्वीइतकीच उरली. मात्र अक्षराची कड रेखीव झाली, एवढा लाभ खरा. माझ्या चष्म्यात जवळचे पाहण्याची काच खाली असल्यामुळे उंच मॉनिटरसमोर हनुवटी वर करून बसावे लागते. खाली टेबलावर असलेला लॅपटॉप मला सोयीचा पडतो. मानदुखीनंतर मॉनिटर घेतलेल्या बाईंना जे सोसले नाही तेच माझ्या डोळ्यांना मानवते.

धागाकर्ता:

दोघांनी विचारले आहे म्हणून १४ इंचांचे मोजमाप देतो. १६:९ मध्ये त्याची उंची सुमारे १७.४ सेंटिमीटर आणि १६:१० मध्ये सुमारे १८.८ सेंटिमीटर भरते. पेटीवर दोन्हींचा आकडा एकच छापलेला असतो. १६:१० मध्ये रुंदीत आठ मिलिमीटरांच्या आसपास घट होते, तेव्हा हिशेबनिसांनी आपले चौदा रकाने त्यावर मांडून पाहावेत आणि शेवटचा दिसतो की नाही ते कळवावे. घडीच्या पडद्याचा वर्षभराचा अनुभव मात्र अद्याप कोणीही लिहिलेला नाही. तो असेल त्यांनी घडीच्या जागेवरून बोट फिरवल्यावर काय लागते आणि वाचताना ओळ तेथे वाकलेली दिसते का, हे आवर्जून लिहावे.