सॉफ्टबॉल पिचिंग : सुरुवातीला हात मागे न्यायचा की नाही? स्पर्धा १२ दिवसांवर, लवकर सांगा

संत्राबाग
नमस्कार मंडळी. पोरगी शाळेच्या टीममध्ये पिचर आहे, म्हणजे बॅटरला बॉल टाकते. आमचे पीटी सर म्हणतात बॅकस्विंग घे, म्हणजे टाकण्याआधी हात मागे ने, जोर येतो. दिवाळीत शिबिराला गेली, तिथले कोच म्हणाले बॅकस्विंग बंद कर, काही कामाचा नाही. आता ती दोघांच्या मधात अडकली. काल घरामागे मी कॅचर होऊन बसलो, वीस बॉल टाकले, त्यातले अकरा भलतीकडेच गेले. रात्री जेवली नाही. विभागीय स्पर्धा १२ दिवसांवर आहे आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू आहे, मला रात्रीच फोन पाहायला वेळ भेटतो. ठेवायचा की काढायचा, एवढंच सांगा.

काळीमाती
भाऊ, एवढ्यावरून कसं सांगू? वय किती? उजवी की डावी? किती फुटांवरून टाकते? आणि "भलतीकडे" म्हणजे नेमकं कुठे? वर जाते, जमिनीवर पडते, की बॅटरच्या अंगावर? हे समजल्याशिवाय जो उत्तर देईल तो अंदाजच सांगेल.

यॉर्करकिंग
माझ्या मते ठेवा. फास्ट बॉलर रनअप घेतो तेव्हाच स्पीड येतो ना. उभ्या जागी कोणाचा आला आहे?

जुनीपिचर
यॉर्करकिंग, क्रिकेटचा रनअप इथं लावू नका. पिचरचा पाय प्लेटवर, म्हणजे जमिनीतल्या पट्टीवर असतो, तिथूनच ढकलायचं असतं. पुढे उडी मारून दुसऱ्या जागेवरून परत ढकललं तर तो क्रो हॉप झाला, अंपायर इलिगल पिच देतो.
संत्राबाग भाऊ, मी आठ वर्षं खेळली, दोनदा राज्य स्पर्धेला गेली, पूर्ण वेळ बॅकस्विंगवरच. हात मागे गेला की वजन मागच्या पायावर येते, मग पुढे झेपावायला लय मिळते. पोरीचा बॅकस्विंग काढू नका. बारा दिवसांत हाताची सवय मोडली तर पोरगी स्पर्धेत बॉलच टाकू शकणार नाही.

चुन्याचीरेघ
ताई, लय मिळते हे मान्य. पण स्पीड बॅकस्विंगमधून येत नाही. हात मागून पुढे आला, वर गेला, डोक्यावरून फिरला, तोवर मागच्या झोक्याचा जोर कुठे उरतो? खरा जोर पायाच्या ढकलण्यात आहे, पुढचा पाय रोवून अंग थांबवण्यात आहे, आणि हात वरून खाली येताना कोपराच्या खालचा भाग कंबरेजवळ घासून मनगट सुटते तिथे आहे. मी शाळेत शिकवतो. बिनाबॅकस्विंगच्या पोरी तितक्याच जोरात टाकताना रोज पाहतो.

जुनीपिचर
तुम्ही शिकवता, मी टाकलेलं आहे सर. ज्या दिवशी मी हात समोरूनच सुरू केला त्या दिवशी खांदे आवळले जायचे. पोरीचं अंग काय म्हणते ते आधी विचारा.

वऱ्हाडी_बाप्पा
काहून भांडून राहिले बाप्पा? बॅकस्विंग तर नियमातच बसत नाही. आमच्या तालुक्यात एका पोरीले अंपायरनं थांबोलं होतं.

पंच_पुसद
नियम सांगतो, कारण हा गैरसमज मैदानावर नेहमी दिसतो. विंडमिलमध्ये, म्हणजे हात पवनचक्कीसारखा गोल फिरवून टाकण्यात, हाताचा एकच पूर्ण फेरा चालतो. पण फेरा सुरू करण्याआधी हात बाजूला आणि मागे नेता येतो, तशी स्पष्ट मुभा नियमात आहे. चालत नाही ते वेगळं : दोन्ही हातांत बॉल धरून उभं राहायचं, एक हात सोडून मागे-पुढे झोका द्यायचा आणि बॉल परत दोन्ही हातांत आणायचा. पुढे निघालेला हात मधेच थांबवणं किंवा उलटा फिरवणं हेही चालत नाही. तुमच्या तालुक्यातल्या पोरीकडून यातलंच काही झालं असेल. आणि सुरुवातीला दोन्ही हात एकत्र करून थांबायचं विसरू नका, घाईत पोरी नेमकं तेच विसरतात.

संत्राबाग
माफ करा, उशीर झाला. वय १६, उजवी. दोन वर्षांपासून पिचर आहे. बॉल उजव्या बॅटरच्या अंगावर जातात, दोन-तीन खालीही पडतात. फूट मोजले नाहीत, शाळेच्या ग्राउंडवर सरांनी प्लेट लावली तिथून टाकते. आधी इतकं बिघडत नव्हतं, शिबिरापासूनच सुरू झालं.

सरकारीनोकरी२४
भाऊ, विभागीयचं सर्टिफिकेट सांभाळून ठेवा, दहावी-बारावीला खेळाडूंचे ग्रेस मार्क मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. प्रस्ताव शाळेकडूनच वेळेत गेला पाहिजे, नाहीतर मार्क जातात.

काळीमाती
ग्रेस मार्कांचा वेगळा धागा काढा, इथे पोरीचा हात बिघडला आहे.
संत्राबाग, "शिबिरापासून" हा शब्द महत्त्वाचा आहे. उद्या टेप घेऊन अंतर मोजा. पिचर प्लेटच्या पुढच्या कडेपासून बॅटरजवळच्या होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत. महिलांचं अधिकृत अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. तुमच्या वयोगटाला विभागीयमध्ये किती ठेवणार ते आयोजकांना विचारा.
दुसरं, तिचा व्हिडिओ काढा. समोरून नको, तिच्या पाठीमागून. मला एकच पाहायचं आहे : हात मागे जातो तो सरळ मागे जातो, की पाठीच्या मागे वळतो?

चुन्याचीरेघ
बरोबर विचारलंत. हात पाठीमागे डावीकडे वळला की पुढे येताना तो तिसऱ्या बेसच्या, म्हणजे तिच्या उजव्या बाजूला फेकला जातो. मग सगळा फेरा तिरपा. बॉल उजव्या बॅटरच्या अंगावर जाणारच. आणि बॉल उघडा मागे नेला तर बेसजवळ उभ्या समोरच्या टीमच्या कोचला तुमची पकड दिसते. म्हणून मी काढा म्हणतो.

जुनीपिचर
तिरपा असेल तर सरळ करा ना सर, काढता काहून? लहान ठेवायचा, मांडीच्या बाजूने सरळ मागे, वीतभर. संत्राबाग भाऊ, व्हिडिओ नसेल जमत तर एक साधी गोष्ट करा. आमचे गुरुजी करायचे. खडूची भुकटी घ्या, पोरीच्या उजव्या हाताला कोपराच्या खाली आतल्या बाजूने चोळा. काळी ट्रॅक पॅन्ट घालू द्या. पाच बॉल बॅकस्विंगने, पुसा, पाच बॉल बिनाबॅकस्विंगने. पांढरा पट्टा कंबरेच्या हाडाजवळ उमटतो का, मागे उमटतो का, की उमटतच नाही, ते पहा. कोणाचं ऐकायचं ते पॅन्टच सांगेल.

वऱ्हाडी_बाप्पा
हातमोजा कुठून घेतला भाऊ पोरीले? माझ्या पुतणीले पाहिजे, अमरावतीत महाग सांगतात.

संत्राबाग
आज सकाळी तोडणीच्या मजुरांना लावून दिलं आणि शाळेत गेलो. अंतर मोजलं. ३८ फूट निघालं! सरांना सांगितलं, त्यांनाही धक्का बसला, त्यांनी लगेच चुन्याने नवीन खूण केली. शिबिरात ४३ वरून टाकायला लावत होते. पोरीनं आता सांगितलं की तिथे बॉल पोहोचत नव्हता म्हणून ती हात जास्त मागे न्यायला लागली, आणि ते पाहून कोच म्हणाले बंद कर. मला हे काहीच माहीत नव्हतं.
खडूचं केलं. बॅकस्विंगने पाचपैकी एकदाही पुढे पट्टा नाही, दोनदा मागच्या खिशाजवळ उमटला. बिनाबॅकस्विंगने चार वेळा कंबरेच्या हाडावर, बॉल सरळ पण हळू. मग ताईंनी सांगितला तसा वीतभर घेऊन पाहिलं, तीन पट्टे बरोबर आले आणि जोरही होता. ती स्वतःच म्हणाली, बाबा हे जमते.
फक्त पंधराएकच टाकले. दंड दुखतो म्हणाली, आठ दिवसांपासून दुखतो म्हणते.

काळीमाती
हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं भाऊ. दंड म्हणजे कुठे? खांद्याच्या पुढच्या बाजूला? रोज किती बॉल टाकते?

संत्राबाग
हो, खांद्याच्या पुढे, खाली बेटकुळीपर्यंत. रोज दीडशेच्या वर.

यॉर्करकिंग
सरावाने दुखतंच. जपानच्या युकिको उएनोने २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले आणि गोल्ड आणलं.

चुन्याचीरेघ
उएनो तेव्हा २६ वर्षांची होती आणि वर्षानुवर्षं तयार झालेली. ही १६ ची आहे, आठ दिवसांपासून दुखत आहे. विंडमिलमध्ये बॉल सुटताना खांद्याच्या पुढच्या भागावर आणि बेटकुळीच्या शिरेवर मोठा ताण येतो. हात तिरपा फिरत असेल तर आणखीच. बॅकस्विंगचा वाद मी इथेच सोडतो. बॉल बंद करा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

जुनीपिचर
यात मी सरांसोबत आहे. मी दुखणं लपवून खेळली. आज उजव्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढताना अजून कळ येते. पोरीला माझं हे वाचून दाखवा.

संत्राबाग
डॉक्टरांना दाखवून आलो. हाड ठीक आहे, सूज आहे म्हणाले. पाच दिवस बॉल हातात घ्यायचा नाही, मग दुखलं नाही तर थोडे थोडे टाकायचे. शाळेच्या सरांना फोन केला, पहिला सामना दुसऱ्या पिचरवर खेळू म्हणाले. आयोजकांनी अंतर ४० फूट सांगितलं, तशी नवीन खूण उद्या करतो.
ती नाराज आहे पण ऐकलं. दुखणं थांबेपर्यंत करायला काही आहे का? नुसती बसली तर तिचा जीव लागत नाही.

काळीमाती
उजव्या हाताला पूर्ण आराम, नुसता फेरासुद्धा नको. पायाचं करा. प्लेटवरून ढकलून पुढचा पाय रोवायचा, दोन्ही हात छातीशी. जमिनीवर चुन्याची सरळ रेघ मारा, पाय तिच्यावरच पडला पाहिजे. सूज उतरल्यावर डॉक्टर हो म्हणाले की उजवा खांदा भिंतीकडे करून, चार बोटं अंतर ठेवून, बिनाबॉलचा सावकाश फेरा. हात तिरपा गेला की बोटं भिंतीला लागतील.

संत्राबाग
गोठ्याच्या भिंतीजवळ जागा आहे. रेघ मारून दिली, आता अंधारात बल्ब लावून पाय टाकून राहिली आहे.