उबुंटू २४.०४ वर पट्टीची पीडीएफ निघत नाही. क्रोमचा सँडबॉक्स बंद करू का?

पट्टीवाला (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या अकरा गाळ्यांसाठी मी पट्टीचं सॉफ्टवेअर चालवतो. ज्यांचा मार्केटशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: जुन्नर-नाशिककडून शेतकऱ्याचा माल येतो, विकला जातो, आणि आडत्या त्याला हिशेबाचा जो कागद देतो ती पट्टी. गोणी किती, वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. माझे वडील तीस वर्षं एका गाळ्यावर मेहताजी होते, कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहायचे. आता गाळ्यावरून बटण दाबलं की शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ जाते.

सर्व्हर उबुंटू २०.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) होता. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. जागच्या जागी अपग्रेड करायचं तर आधी २२.०४ आणि मग २४.०४ असे दोन टप्पे पडतात, म्हणून नवा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊन त्यावर थेट २४.०४ टाकलं. सोबत पीएचपी, म्हणजे माझं सॉफ्टवेअर ज्या भाषेत आहे ती, ७.४ वरून ८.३ वर आली.

अडचण पीडीएफची आहे. ती मी पपेटियर (कोडमधून क्रोम चालवणारी लायब्ररी) वापरून हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडणाऱ्या, क्रोमकडून काढतो. सुरुवातीला पीएचपीच्या दोन लायब्ररी वापरून पाहिल्या होत्या, पण प्रत्येक पट्टीवर सगळ्यात वर ‘शेतकऱ्याचे नाव’ असतं आणि दोन्हींत तो ‘ऱ्या’ फुटायचा. र वेगळा, पाय मोडलेला, य वेगळा. क्रोममध्ये जोडाक्षरं नीट येतात. नव्या सर्व्हरवर मात्र क्रोम उठतच नाही, ‘नो यूजेबल सँडबॉक्स’ म्हणून बंद पडतो (पानातला कोड क्रोम ज्या बंदिस्त जागेत चालवतो तो सँडबॉक्स). नेटवर सगळीकडे एकच उपाय दिसतो: नो-सँडबॉक्स हा पर्याय जोडा. जोडून पाहिला, पीडीएफ आली. पण नाव वाचूनच हात थांबला. जुना सर्व्हर चालू आहे, गाळ्यांचं काम अडलेलं नाही, त्यामुळे घाई नाही. हा पर्याय ठेवावा की नको?

ऐरोली_रूट

ठेवू नका. थांबलात ते फार बरं केलंत.

तुमचा क्रोम बिघडलेला नाही. उबुंटूने २३.१० मध्ये एक कुलूप आणलं आणि २४.०४ पासून ते लावूनच येतं. साध्या युजरच्या प्रोग्रामला स्वतःची वेगळी नेमस्पेस (बाकी सिस्टिमपासून वेगळा कप्पा) उघडता येणं ही लिनक्समधली जुनी सोय. आत गेलेला प्रोग्राम त्या नेमस्पेसपुरता रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असल्यासारखा वागतो, त्यामुळे एरवी ज्याला हात लागला नसता असा कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) बराच भाग त्याच्यासमोर उघडा पडतो. कर्नल फोडण्याच्या कित्येक प्रकारांची सुरुवात इथूनच झाली. म्हणून आता ॲपआर्मर (कुठल्या प्रोग्रामला काय करता येईल ते ठरवणारा उबुंटूचा पहारेकरी) विचारतो: तुझं प्रोफाइल, म्हणजे परवानग्यांची यादी, आहे का? त्यात यूजरएनएसची, म्हणजे अशी नेमस्पेस उघडण्याची, परवानगी आहे का? नसेल तर नेमस्पेस मिळाली तरी आत काही करता येत नाही. क्रोम स्वतःचा सँडबॉक्स याच सोयीवर उभा करतो, म्हणून तो अडला. जर्नल (सिस्टिमचा लॉग) उघडून पाहा, ॲपआर्मर आणि यूजरएनएस-क्रिएट हे शब्द एकाच ओळीत सापडतील.

आता तुमच्या पट्टीत काय काय असतं ते बघा. शेतकऱ्याचं नाव, गाव, शेरा. हे सगळं गाळ्यावरचा माणूस टाइप करतो आणि तुम्ही त्याचं एचटीएमएल पान करून क्रोमला देता. एखाद्या रकान्यातलं एस्केपिंग (टाइप केलेला मजकूर कोड म्हणून चालू नये याची काळजी) राहून गेलं आणि तिथून कोणी स्क्रिप्ट घातली, तर ती तुमच्या सर्व्हरवरच्या क्रोममध्ये चालते. त्या क्षणी मध्ये भिंत असते ती सँडबॉक्सची. तीच पाडायची?

सोपा रस्ता आहे. पपेटियर जो क्रोम उतरवतो तो युजरच्या होममधल्या कॅशे फोल्डरात जातो, आणि त्या पत्त्याला प्रोफाइल नाही. नेहमीचा स्टेबल क्रोम डेब पॅकेजने बसवा. तो ऑप्टमध्ये, गूगल फोल्डराखाली जातो आणि त्या पत्त्याचं प्रोफाइल उबुंटूबरोबर आधीच आलेलं आहे. मग पपेटियरला एक्झिक्युटेबल-पाथ म्हणून तो पत्ता द्या. एपीटीतून (उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थेतून) त्याचे सिक्युरिटी अपडेटही मिळत राहतील.

पपेटियरचाच क्रोम हवा असेल तर प्रोफाइल स्वतः लिहावं लागेल: बायनरीचा पूर्ण पत्ता, अनकन्फाइन्ड हा फ्लॅग, आत यूजरएनएस ही एक ओळ. पण आधी ती बायनरी होममधून काढून रूटच्या मालकीच्या जागी ठेवा. परवानगी पत्त्याला मिळते. तो पत्ता ॲपच्या युजरला लिहिता येत असेल, तर आत शिरलेला माणूस तिथे स्वतःची फाइल ठेवेल आणि तुम्ही दिलेली परवानगी तोच वापरेल. ही चूक मी महापेच्या एका प्रोजेक्टवर पाहिली आहे, प्रोफाइल अगदी बरोबर आणि फोल्डर सगळ्यांना उघडं.

आणखी एक, कारण हे तुम्हाला भर बाजारात गाठेल. २४.०४ मध्ये लायब्ररी अपडेट झाली की ती वापरणाऱ्या सर्व्हिस नीडरीस्टार्ट नावाचा प्रोग्राम आपणहून रीस्टार्ट करतो. आपोआप अपडेटचा टायमर सकाळी ६ ला लागलेला असतो, पुढे तासाभरात केव्हाही सुरू होतो. व्हीपीएसचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, असतं. म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा ते साडेबारा. तेव्हा तुमच्याकडे काय चालू असतं?

डोंगरी_पेंग्विन

मी सिससीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) ती नेमस्पेसची बंदी शून्य करून टाकली. एका ओळीचं काम. दीड वर्ष झालं, काही त्रास नाही.

ऐरोली_रूट

दादा, त्याने कुलूप सगळ्या सर्व्हरचं निघतं, फक्त क्रोमचं नाही. त्याच मशीनवर यांचं पीएचपी आहे, लोकांनी चढवलेल्या फायली आहेत, अकरा धंद्यांचे हिशेब आहेत. एका प्रोग्रामला परवानगी द्यायला पाच मिनिटं लागतात. तुमच्याकडेही करून घ्या, खरंच सांगते.

नौपाड्याचा_निनाद

पीडीएफचं ताईंनी सांगितलंच. मी पीएचपीबद्दल बोलतो, कारण ७.४ वरून थेट ८.३ म्हणजे मधली सगळी वळणं एकदम.

हिशेबाच्या कोडमध्ये दोन बरोबर चिन्हांनी (==) शून्याशी केलेली प्रत्येक तुलना शोधून काढा. पीएचपी ७ मध्ये रिकामी स्ट्रिंग आणि ० समान धरले जायचे. ८ पासून नाही. हमालीचा रकाना कोणी रिकामा सोडला आणि तुमच्या कोडमध्ये ‘हमाली शून्य असेल तर ओळ दाखवू नको’ असं असेल, तर ती अट आता खोटी ठरेल. एरर येत नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही. त्यामुळे जुन्या सर्व्हरवरच्या शंभरेक खऱ्या पट्ट्या नव्यावर पुन्हा काढा आणि आकडे व ओळी जुळवून पाहा.

ग्राहकाच्या हिशेबातली अशी एक चूक शोधायला मला आठवडा लागला होता, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

पट्टीवाला (कोपरखैरणे)

ताई, निनाद, दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी रात्री बसलो.

क्रोम डेबने बसवला, पत्ता दिला, नो-सँडबॉक्स काढला. पहिल्याच फटक्यात उठला. पण पट्टीवर अक्षरांऐवजी चौकोन! कोऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं, मग अक्षरं आली.

साडेअकराला काय चालू असतं, तर सगळ्यात जास्त पट्ट्या त्याच वेळात निघतात. टायमर बदलला. आधी ऑनकॅलेंडरची (वेळ ठरवणाऱ्या सेटिंगची) रिकामी ओळ द्यावी लागते, नाहीतर जुनी वेळही तशीच राहते. दुसऱ्या ओळीत रात्री ९ लिहून पुढे एशिया-कोलकाता जोडलं. सिस्टिमडीला (हे टायमर चालवणाऱ्या प्रोग्रामला) वेळेपुढे टाइमझोन समजतो हे आजवर माहीत नव्हतं. रात्री ९ ला मार्केटमध्ये फक्त गाड्या लागत असतात, पट्टी कोणी काढत नाही.

निनाद, जुन्या दोनशे पट्ट्या पुन्हा काढल्या. सात ठिकाणी ‘हमाली’ असं नाव आणि पुढे काहीच नाही अशी ओळ आली. एकूण रक्कम सगळीकडे बरोबर होती, पण शेतकरी ती मोकळी जागा बघून विचारणारच की हमालीचे किती कापले. तीन फायलींत दुरुस्ती केली.

दोन पट्ट्या छापून रविवारी सकाळी वडिलांसमोर ठेवल्या. जुन्या सर्व्हरची एक, नव्याची एक. चष्मा लावून त्यांनी बोटाने ओळ न ओळ पाहिली. ‘शेतकऱ्याचे’ वर थांबले, मान हलवली, पुढे गेले. ‘माल’ या शब्दावर म्हणाले, “हा ल आपला नाही, हिंदी वळणाचा आहे.” जुन्या पट्टीवर बरोबर होता. शोधल्यावर कळलं की नवीन टेम्पलेट करताना पानाच्या एचटीएमएल टॅगमधली भाषा मराठी असल्याची खूण गळाली होती. ती असली तरच फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श देतो. खूण परत घातली आणि पट्टी पुन्हा छापून त्यांना दिली.

आज पहिला गाळा नव्या सर्व्हरवर नेला. दुपारपर्यंत चौसष्ट पट्ट्या निघाल्या. बाकीचे दहा गाळे याच आठवड्यात, रोज दोन.