वायजी इंजिनाला घाटातला मळ कसा चढवावा?

सावर्डेकर:
नमस्कार मंडळी. १:८७ मापात मीटरगेजच्या वायजीचं, म्हणजे मालगाडी ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं, मॉडेल करतोय, १२ मिमी रुळावर चालणारं. सांगाडा रेझिनमध्ये प्रिंट करून घेतला. हँडरेल ०.३ मिमी पितळी तारेचे, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळे बसवलेत. काळा रंग झालाय. १९७०च्या आसपास कॅसलरॉकहून घाट उतरून गोव्यातल्या कुळे स्टेशनात नुकतंच आलंय, असं दाखवायचंय. आमच्याकडे खनिजाच्या धुळीने झाडांची पानंही तांबडी होतात, म्हणून बॉयलरपर्यंत लाल पावडर मारावी म्हणतो. मित्र म्हणतो, जागोजागी नारिंगी गंजही हवा. टेंडरवर (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर) नैऋत्य रेल्वेची अक्षरं चालतील ना? आणि मॅट वार्निशचा स्प्रे या पावसात मारू का?

फिटरचा_पोर, वास्को:
मित्राला चहा पाज आणि गंजाची बाटली काढून घे. नारिंगी गंज भंगारात काढलेल्या इंजिनाला. चालत्या इंजिनावर तेलाचा बोळा सतत फिरत असतो. आमचे बाबा शेडमधून यायचे तेव्हा शर्टाला तेल आणि काजळीचा वास असायचा, गंजाचा कधी नाही.

आधी महिना ठरव. चैत्र-वैशाखात धूळ वरपर्यंत बसते. आषाढात दूधसागरच्या पावसात बॉयलर धुऊन निघतो, लाल चिखल फक्त खाली उडतो. दोन्ही एकाच इंजिनावर दाखवलंस तर बघणाऱ्याला खटकणार. मी असतो तर आषाढच घेतला असता.

घाटाचा चढ सुमारे ४०ला १, ४० मीटरला एक मीटर. म्हणजे उतरताना ब्रेक जवळपास लागलेलेच. बिडाच्या ब्रेक ब्लॉकचा भुगा चाकांवर, स्प्रिंगांवर, टेंडरच्या खालच्या भागावर बसतो. त्याचा रंग काळपट तपकिरी. हा थर आधी, लाल माती त्याच्यावर, आणि तीही रनिंग बोर्डाच्या, म्हणजे बॉयलरच्या कडेने जाणाऱ्या फळीच्या, खालीच. बॉयलरच्या माथ्याचं गणित वेगळं. चढताना बोगद्यात धूर छताला आपटून परत इंजिनावरच बसतो, म्हणून माथा आणि कॅबचं छप्पर मंद, गडद राखाडी. शुद्ध काळा या मापात प्लॅस्टिकसारखा दिसतो, त्यात थोडा राखाडी मिसळच.

मजा आहे ती पांढऱ्या ओघळांत. पाण्यातले क्षार सेफ्टी व्हॉल्व्हखाली, वॉशआउट प्लगखाली (बॉयलर धुवायच्या भोकांची बुचं), इंजेक्टरपाशी (बॉयलरमध्ये पाणी ढकलतो तो) उतरतात. मळकट पांढरा ॲक्रिलिक पाण्यासारखा पातळ कर, ०००च्या ब्रशने प्लगखाली एक ठिपका ठेव आणि लगेच ओल्या ब्रशने सरळ खाली ओढ. केसाएवढी रेघ उरली पाहिजे. सगळ्या प्लगांना नको, तीन-चार पुरे. कनेक्टिंग रॉडवर पावडर लावू नकोस, तिथे तेल असतं, थोडी चमक राहू दे. हँडरेल आणि पायऱ्यांच्या कडांवर ६बी पेन्सिल घास, हातापायांनी घासलेलं लोखंड तसंच दिसतं.

पावडर विकत आणायची गरज नाही. कोरडे पेस्टल खडू ब्लेडने खरवड. तेलकट ऑइल पेस्टल नकोत.

मीटरगेज_मडगाव:
अक्षरांबद्दल. नैऋत्य रेल्वे २००३ची, तोवर इथले मीटरगेज रूळही उखडून झाले होते. १९७०ला हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत होता, ही रेल्वे २ ऑक्टोबर १९६६ला झाली. तेव्हा अक्षरं दक्षिण मध्यचीच. आणि ती मळाच्या आधी लाव रे बाबा, नंतर लावलीस तर मळक्या टेंडरवर कोरी करकरीत दिसतील.

पणजीकर_ताई:
स्प्रे पावसात अजिबात नको. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि वार्निश दुधाळ पडतं. थांबवत नसेल तर एसी खोलीत पाण्यावर चालणारं मॅट वार्निश ब्रशने, पातळ. वार्निशने पावडर थोडी फिकी पडते, म्हणून आधी जरा जास्तच लावा. शेवटी चाकांची धाव आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर इंजिन जागचं हलणार नाही.

सावर्डेकर:
आषाढच करतो. टेंडरमध्ये खरा कोळसा कुटून घालू का?

फिटरचा_पोर, वास्को:
घाल, पण चाळून. १ मिमीचा कण म्हणजे खऱ्यात ८७ मिमीचं ढेकूळ. त्याहून मोठे कण थोडेच ठेव. गोंद पातळ करून ड्रॉपरने सोड, आणि आषाढातला कोळसा ओला असतो, तेव्हा त्याच्यावर तेवढं ग्लॉस वार्निश चालेल.