अनुभव धागा : रीफ टँकमध्ये कोणाचं कोणाशी पटतं?

गंगापूर रोड (धागा सुरू करताना)

रीफ टँकचा, म्हणजे जिवंत कोरलं असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा, विषय निघाला की बोलणं मीठ, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) आणि लाइटवरच अडकतं. माशांची निवड मात्र दुकानात काचेसमोर उभं राहून दोन मिनिटांत उरकली जाते. खरं तर टँक शांत राहणार की रोज पाठलाग बघावा लागणार, हे तिथेच ठरतं. म्हणून हा धागा.

आपल्या नाशिकची अडचण थोडी वेगळी आहे. समुद्र घाटाखाली, दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर. मासे बहुतेक मुंबईहून येतात, आणि न पटलेला मासा परत घेणारं कोणी सहसा मिळत नाही. त्यात तो कपारीत शिरला की बाहेर काढायला दगड उपसावे लागतात, वर बसवलेल्या कोरलांसकट. तेव्हा विचार करायचा तो पिशवी घरी येण्याआधीच.

मासा घेताना मी त्याचा आजचा आकार बघतच नाही. पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, त्याच्या तोंडात काय मावेल, आणि टँकच्या कोणत्या भागात तो राहील, हे बघतो: वाळूवर, कपारीत की मोकळ्या पाण्यात. शिवाय आधीच्या कोणासारखी त्याची अंगकाठी किंवा रंग आहे का, हेही. बहुतेक मासे आपल्यासारखा दिसणारा आणि आपलंच खाणं खाणारा मासा प्रतिस्पर्धी समजतात.

माझा टँक चार फुटी, साधारण ४५० लिटरचा. क्लाउनफिशची जोडी, सावलीत राहणारे बांगाई कार्डिनल, शेवाळ खरवडणारी लॉनमोअर ब्लेनी, आणि सगळ्यांच्या नंतर आणलेला यलो टँग. टँग आधी आला असता तर अख्खा टँक त्याचा झाला असता.

तुमचे अनुभव लिहा. टँकचा आकार आणि मासे कोणत्या क्रमाने आणले ते जरूर सांगा. दुकानांची नावं नकोत.

कॉलेज रोड

माझ्याकडे ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी आहे, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते. क्लाउन सगळे नर म्हणूनच जन्मतात. गटात जो सर्वांत मोठा आणि वरचढ, तो मादी होतो. दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर, आणि बाकीचे लहानच राहतात. मादी मेली तर नराची मादी होते. मादीचा पुन्हा नर कधीच होत नाही. त्यामुळे दोन मोठे, एकसारखे क्लाउन आणले तर दोन्ही माद्या असू शकतात, आणि मग एकीचा जीव जाईपर्यंत मारामारी चालते. मी एक मोठा आणि एक स्पष्ट लहान असे घेतले. लहान मासा मोठीसमोर आडवा होऊन थरथरतो. लोक ते बघून आजारी समजतात, पण ती त्याची शरणागती असते. ती दिसली की जोडी जमली म्हणायची.

तिसरा क्लाउन घालू नका. "तीन छान दिसतील" असं घरात सगळे म्हणतात, पण जोडी पक्की झाली की तिसऱ्याला कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी दिवस काढावे लागतात.

क्लाउन म्हटलं की सगळ्यांना ॲनिमोन हवं असतं, समुद्रात क्लाउन ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी. माझ्याकडे नाही. जोडीने एका मऊ कोरलाला घर मानलं आहे आणि त्यात ती सुखी आहे. ॲनिमोनला जुना, स्थिरावलेला टँक आणि भरपूर प्रकाश लागतो. जागा पसंत नसेल तर ते चालत निघतं आणि वेव्हमेकरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) सापडलं तर पाणी बिघडवून बाकीच्यांनाही घेऊन जातं. आणि दुकानात गर्द लालसर मरून क्लाउन दाखवतील, दिसतो राजबिंडा, पण त्याची मादी ऑसेलॅरिसच्या जवळजवळ दुप्पट होते आणि स्वभावाने फार तापट. मिश्र, शांत टँकमध्ये तो नकोच.

एक आग्रह: टँकमध्ये जन्मलेले क्लाउन मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनचं प्रजनन यशस्वी केलेलं आहे, तेव्हा ते समुद्रातूनच पकडून आणायला हवेत असं काही नाही. टँकमध्ये जन्मलेले क्लाउन घरी आणल्यावर पेलेट, म्हणजे कोरडं दाणेदार खाणं, सहज खातात.

सिडको

साडू पुण्याला गेले तेव्हा त्यांचा तीन फुटी टँक माझ्याकडे आला, आतल्या डॉमिनो डॅमसेलसकट. काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके. लहानपणी फार गोड दिसतो. मोठा झाला की ठिपके पुसट होतात, अंगाने बारा-चौदा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर धावतो. माझा हात आत गेला तर हातालाही धडका द्यायचा.

डॅमसेल स्वस्त आणि काटक असतात, म्हणून "टँक सुरू करायला घ्या" असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची घडी बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते काम बाटलीतल्या अमोनियानेही होतं, त्यासाठी जिवंत मासा भरडायची गरज नाही. आणि त्या आठवड्यांत डॅमसेल सगळ्या कपारींचा मालक होऊन बसतो. नंतर येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर.

त्याला बाहेर काढायला आम्ही दगड हलवले नाहीत. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून ते उलटं आत बसवलं, आत मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाणं) ठेवलं आणि रोज खाणं तिथेच द्यायला सुरुवात केली. बाटलीत जायची सवय लागल्यावर एके दिवशी ती उचलून घेतली. आता तो सातपूरच्या एका मित्राच्या मोठ्या टँकमध्ये, आपल्या ताकदीच्या माशांत आहे. तिथे तो कोणाला सतावत नाही, कारण सतावून घेणारं तिथे कोणी नाही.

हिरवे क्रोमिसही डॅमसेलच्याच कुळातले. शांत असतात, पण थवा बघून भुलू नका. समुद्रात शेकड्यांनी राहतात, टँकमध्ये आपसात उतरंड लावतात आणि सर्वांत कमजोर एकेक करून संपत जातो. मी दोन-तीन घरांत हेच पाहिलं आहे.

इंदिरानगर

ज्यांना जागा कमी आहे आणि भांडणं नको आहेत त्यांनी वाळूकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

माझा टँक दोन फुटी आहे. त्यात पिवळा वॉचमन गोबी हा मासा आणि टायगर पिस्टल श्रिंप ही कोळंबी एकाच बिळात राहतात. श्रिंपला नजर जवळजवळ नाहीच. ती दिवसभर बीळ खोदते, वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे बुलडोझरसारखे ढकलत बाहेर आणते. गोबी दाराशी पहारा करतो. बाहेर येताना तिची एक मिशी कायम त्याच्या अंगाला टेकलेली असते. काही धोका वाटला की गोबी शेपटी झटकतो आणि ती क्षणात आत. बदल्यात त्याला आयतं घर मिळतं. सासूबाई आधी म्हणायच्या, एवढ्या पैशात वाळूच्या रंगाचं काय आणलंस. आता दुपारचा चहा त्या टँकसमोरच घेतात.

हे जमायचं असेल तर काही गोष्टी आधीच कराव्या लागतात. दगड वाळूवर नाही, थेट काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू घाला. नाहीतर श्रिंप खालून पोखरते आणि दगड कोसळतात. वाळू नुसती बारीक नको, तिच्यात कोरलचे आणि शिंपल्यांचे तुकडे मिसळा, म्हणजे बिळाचं छत टिकतं. आणि घरच्यांना आवाजाची कल्पना द्या. श्रिंप नांगी मिटते तेव्हा काच तडकल्यासारखा आवाज येतो. रात्री पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्याकडे सगळे टँकपाशी धावले होते.

या जोडीच्या वर मी फक्त एक फायरफिश ठेवला आहे. लाजाळू, पाण्यात एका जागी तरंगणारा, कोणाच्या वाटेला न जाणारा. तो घाबरला की उडी मारतो, म्हणून बारीक जाळीचं झाकण हवंच. हॉकफिश मात्र या घरात येऊ देऊ नका. दगडावर बसून बघत राहतो तेव्हा निरुपद्रवी वाटतो, पण श्रिंपने कात टाकली की ती मऊ असते, आणि तो त्याच वेळेची वाट बघतो.

नाशिकरोड

मी माशांच्या आजारावर लिहितो, कारण तोही पटण्या-न-पटण्याचाच भाग आहे. सतत पाठलाग सहन करणारा मासा आधी खाणं सोडतो, मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. तांब्याचं औषध त्यावर चालतं, पण तेच औषध श्रिंप, गोगलगाय आणि कोरल मारतं. म्हणजे रीफ टँकमध्ये ते घालताच येत नाही. टँग जातीचे मासे या आजाराला सर्वांत आधी बळी पडतात.

त्यामुळे माझ्याकडे प्रत्येक मासा महिनाभर वेगळ्या साध्या टँकमध्ये राहतो. स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पाइपचे तुकडे, एवढंच. तिथे तो शांतपणे खायला शिकतो. पोट भरलेला, धडधाकट मासा मोठ्या टँकमध्ये गेला की पहिल्या दोन दिवसांची दमदाटी सोसतो. थकलेला सोसत नाही.

मासे पंचवटी एक्स्प्रेसने थर्माकोलच्या खोक्यात येतात, रात्री घरी पोचतात. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, म्हणून जमलेला अमोनिया तितका जाचत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, वेगळ्या टँकच्या पाण्याचा खारेपणा आधीच पिशवीतल्या पाण्याइतका करून ठेवा, आणि उघडल्यावर तास-तासभर थेंब पाडत बसू नका.

पंचवटी

दवाखान्यांतले आणि हॉटेलांतले टँक बघणं हे माझं काम. थोडक्यात सांगतो. लायनफिश कोरलाला हात लावत नाही, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि त्याचे काटे विषारी असतात. लहान मुलं असलेल्या घरात मी बसवून देत नाही. ट्रिगरफिश श्रिंप-खेकडे फोडून खातो. बटरफ्लायफिश बहुतेक कोरलाचे पॉलिप टोचतात. कॉपरबँड त्यातला बरा, एप्टेशिया, म्हणजे टँकभर पसरणारं उपद्रवी छोटं ॲनिमोन, खातो, पण त्याला फ्रोझन खाण्यावर आणणं फार अवघड. निळा रीगल टँग सिनेमामुळे सगळ्या मुलांना हवा असतो. दुकानात बोटाएवढा, वाढला की तीस सेंटिमीटर. सहा फुटांच्या आत त्याला ठेवणं मला पटत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

नवीन मासा सोडताना मी लाइट बंद करतो आणि त्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात काही दिवस आतच ठेवतो. जुने मासे डब्यावर धडका मारून थकतात. त्यांनी लक्ष देणं सोडलं की डबा उघडायचा.

देवळाली कॅम्प

समुद्रघोडा कोणी दाखवला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या अनुसूचीत २००१ पासून समुद्रघोडे आहेत आणि दगडी प्रवाळही. आपल्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा "स्वस्तात देतो" म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. कायदा बाजूला ठेवला तरी समुद्रघोडा इतका संथ खातो की चपळ माशांत उपाशीच मरेल.

मखमलाबाद

नवीन आहे. तीन फुटी टँक, साधारण १९० लिटर, महिन्याभरापूर्वी पाणी भरलं, अमोनिया आता शून्य दाखवतो. माझी यादी: दोन क्लाउन, एक रीगल टँग, मँडरिन, सिक्सलाइन रॅस आणि पाच क्रोमिस. दादा-ताई, जमेल का? मँडरिन तर हवाच आहे.

इंदिरानगर

मँडरिनचं मीच सांगते, कारण मलाही तो सर्वांत सुंदर वाटतो. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (पॉड), म्हणजे अगदी बारीक जीव, टिपत फिरतो. नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात. मासा फिरताना दिसतो, भांडत नाही, आणि पोट आत जात जात संपतो. सिक्सलाइनही तेच पॉड खातो, म्हणजे दोघं एकत्र तर नकोतच. वर्षभर टँक चालू दे, मग बघू.

सिडको

आणि घाई करू नकोस, एप्रिल-मे तोंडावर आहे. आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि गर्दीच्या टँकमध्ये त्याच दिवसांत मारामाऱ्या वाढतात. चिलर नसेल तर पृष्ठभागावर पंखा लाव, दोन-तीन अंश उतरतात. जेवढं पाणी उडेल तेवढं आरओचं गोडं पाणी घाल, खारं नाही. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. मी उन्हाळ्यात नवीन मासा आणत नाही.

गंगापूर रोड

मखमलाबाद, तुझी यादी अशी करू. टँग आणि क्रोमिस काढ. सिक्सलाइन लहानपणी गुणी असतो, वर्षभराने नवीन माशांना जगू देत नाही, तोही काढ. मँडरिनची जागा रिकामी ठेव, दुसरा मासा भरू नकोस. आधी गोबी आणि श्रिंप, मग फायरफिश, तो धीट होऊन उघड्यावर खायला लागला की शेवटी क्लाउनची जोडी, एक मोठा एक लहान. प्रत्येक वेळी मध्ये महिना जाऊ दे आणि नायट्रेट (पाण्यात साठत जाणारी माशांच्या घाणीची उरलेली मात्रा) बघत जा. दगड काचेवर टेकलेत का, ते आजच तपास. वाळू आधी घातली असेल तर ती बाजूला सारून दगड पुन्हा बसव, आत्ता मासे नाहीत तोवर सोपं आहे. झाकणाचं माप घेऊन ठेव, जाळी कुठे मिळते ते सांगतो.