रुग्णालयाच्या सीएसआर अनुदानासाठी सत्तरीतल्या बालआरोग्य प्रकल्पाचा प्रस्ताव कसा मांडावा?

म्हादई_काठ

नमस्कार. आमची संस्था गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काम करते, सोसायटी म्हणून नोंदलेली आहे. एका खासगी रुग्णालय कंपनीने वाड्यावस्त्यांवरच्या बालआरोग्य प्रकल्पांसाठी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) अनुदानाचे अर्ज मागवले आहेत. मर्यादा १२ लाख रुपये, मुदत १२ महिने. आधी दोन पानांचं संकल्पपत्र द्यायचं, त्यातून निवड झाली तर पूर्ण प्रस्ताव.

आमचा मसुदा असा आहे: ४० अंगणवाड्यांतल्या साधारण ६०० मुलांची अ‍ॅनिमिया तपासणी शिबिरं, प्रत्येक मुलाला आरोग्य किट आणि पालकांसाठी आहाराचं व्याख्यान. पाठपुरावा आशाताईंकडून होईल असं लिहिलं आहे. यात कुठे अडकू शकतो? कोणत्या परवानग्या आधी घ्याव्यात? पगार किती दाखवलेले चालतात?

आरोग्यसेविका

आधी आशाताईंची ओळ काढा. तो मजकूर दुसऱ्या राज्याच्या प्रस्तावातून आलेला दिसतो. गोव्यात आशांचं जाळं नाही, आणि इथलं काम माहीत असलेला परीक्षक ती ओळ वाचून पुढचं गांभीर्याने घेणार नाही. आपल्याकडे पाठपुरावा होतो तो अंगणवाडी सेविका आणि आरोग्य उपकेंद्राच्या एएनएमकडून (परिचारिकेकडून). त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत ते लक्षात घेऊन तुमची माणसं नेमा.

आता मुख्य गोष्ट. प्रस्ताव शिबिरांवर उभा करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२०) गोव्यात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत अ‍ॅनिमियाचं प्रमाण ५३ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे तुमच्या ६०० मुलांत तीनशेच्या घरात मुलं निघतील. या तीनशे मुलांचं दुसऱ्या दिवशी काय होणार, हे रुग्णालयाच्या समितीवरचा बालरोगतज्ज्ञ पहिल्यांदा विचारेल. मसुद्यात त्याचं उत्तर नाही. निदान करून मुलाला तसंच घरी पाठवणं हा त्या आईवर अन्याय आहे, म्हणून पैशांचा मोठा भाग इथेच लावा.

उत्तर पायरीपायरीने लिहा. आधी दंडाचा घेर मोजायचा. तो ११.५ सेंटीमीटरहून कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित, त्याला लोहाचं सिरप न देता थेट वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्यायचं. ताप किंवा जुलाब असतील तर लोह थांबवायचं. मग हिमोग्लोबिन. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या निकषांनुसार ७ ते १०.९ ग्रॅम म्हणजे सौम्य ते मध्यम, त्याला दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह दोन महिने, डोस अर्थातच वैद्यकीय अधिकारी ठरवणार. महिन्याने पुन्हा तपासायचं. १ ग्रॅमनेही वाढलं नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, कारण मूळ थॅलसेमिया (आनुवंशिक रक्तविकार) किंवा दुसरं काही असू शकतं. ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. वाळपईहून म्हापसा किंवा बांबोळीला जायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून प्रवासखर्चाची ओळ वेगळी धरा. ही ओळ नसेल तर पाठवणी कागदावरच राहते.

दुसरी मोठी चूक वयाची. अंगणवाडीत बसणारी मुलं तीन ते सहा वर्षांची. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं घरी असतात आणि अ‍ॅनिमियाचा जोर याच वयात जास्त. ती आईबरोबर घरी न्यायच्या आहाराच्या वाटपादिवशी येतात, म्हणून तपासणीच्या तारखा त्या दिवसांना जुळवा. शिवाय पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांचे निकष आणि मात्रा वेगळ्या. त्यांना ६ ते ५९ महिन्यांच्या आकड्यांत मिसळू नका.

एका दिवशी एक चमू नीट करू शकेल अशी २५-३० मुलं. दोन अंगणवाड्या धरल्या तर २० दिवस लागतील. हिमोग्लोबिन मोजायच्या पट्ट्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन फेऱ्यांच्या १२००, वाया जाणाऱ्या १० टक्के धरून १३२०. महिन्याने तपासायच्या तीनशे मुलांच्या पट्ट्या यावर आणखी. आपल्याकडच्या दमट हवेत डबी उघडी राहिली तर पट्ट्या बिघडतात आणि आकडे भलतेच येतात, म्हणून छोट्या डब्या मागवा. बोट पिळायचं नाही, पहिला थेंब पुसून टाकायचा. पिळलेल्या बोटातल्या रक्तात पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं. सुया पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात जमा करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यायच्या. केंद्र त्या घेईल असं पत्र आधीच घ्या.

शेवटच्या फेरीत फक्त आधी कमी निघालेल्या मुलांना मोजू नका. एकदा खूप कमी आलेला आकडा दुसऱ्यांदा थोडा वर येतोच, उपचार असो वा नसो. सगळ्यांना मोजा, नाहीतर यश फुगलेलं दिसेल. आणि कोणता निकष वापरला तो पहिल्या पानावर लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांसाठी मर्यादा १०.५ केली, आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे तक्ते ११ वर बेतलेले आहेत. मध्येच बदललात तर आधीचं-नंतरचं जुळणार नाही.

जमाखर्च

कागदपत्रांचं सांगतो. सीएसआरचा पैसा घ्यायला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, आयकर कायद्याखालच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या लागतात, शिवाय अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. १२ए आणि ८०जीच्या आदेशांची मुदत तपासा, त्या नोंदण्या आता कायमच्या नसतात. अर्जाच्या छापील नमुन्यात धर्मादाय आयुक्तांचा क्रमांक विचारला असेल तर घाबरू नका, ती महाराष्ट्रातली पद्धत. आपली नोंद १८६० च्या सोसायटी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे, तो दाखला जोडा.

परवानग्या दोन: अंगणवाड्यांसाठी महिला व बाल विकास संचालनालय, वैद्यकीय भागासाठी आरोग्य सेवा संचालनालय. दोन्ही अर्जांत अंगणवाड्यांची यादी, तारखा, मुलाचं रक्त कोण घेणार त्याची पात्रता, आणि माहिती कुणाला दिली जाणार हे लिहा. संकल्पपत्राला आवक शिक्क्याची प्रत जोडली तरी पुष्कळ, पूर्ण प्रस्तावाच्या वेळी मात्र परवानगी हातात हवी. सेविका तोंडी हो म्हणाली यावर काहीच ठरत नाही.

पगारांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. प्रशासकीय खर्चाची ५ टक्के मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला लागू होते. तुमच्या प्रकल्पावर राबणाऱ्या माणसांचा पगार हा प्रकल्पखर्चच. दोन क्षेत्रसेविका महिना १८,००० प्रमाणे धरल्या तर वर्षाला ४,३२,०००. त्याखाली "३०० मुलांच्या घरी दोन महिने दर आठवड्याला भेट" असं काम लिहा, मग आकडा जास्त वाटत नाही.

किट काढून टाका. ६०० किटांत पैसा जातो आणि मोजण्यासारखं काही उरत नाही. लोहाचं सिरपही विकत घेऊ नका, ते सरकारी पुरवठ्यात आहे: उपचाराची नव्हे, प्रतिबंधाची मात्रा आठवड्यातून दोनदा १ मिली, म्हणजे ५० मिलीची बाटली २५ आठवडे. साठा तुटला तर पंधरवड्यापुरती खरेदी एवढीच तरतूद ठेवा. वजनकाटे आणि उंची मोजायच्या पाट्या घेणार असाल तर त्या शेवटी कुणाच्या मालकीच्या हे लिहा. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, संस्थेकडे किंवा सरकारी खात्याकडे द्यावी लागते. दर जीएसटीसकट धरा, तो तुम्हाला परत मिळत नाही.

म्हादई_काठ

दोघांचेही आभार. किट आणि आशांची ओळ काढली. एक अडचण आहे. रुग्णालयाचे लोक म्हणतात, गंभीर मुलं आमच्याकडेच पाठवा आणि केंद्रावर आमचा फलक लावा. नाही म्हटलं तर अनुदान जाईल का? दुसरं, आमच्या गावचे लंडनमधले काही जण वर पन्नास हजार द्यायला तयार आहेत, ते यात मिसळावेत का?

जमाखर्च

नाही म्हणायची गरज नाही, नियम दाखवा. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम आणि जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. पैसे भरणारे रुग्ण मिळवायची वाट या प्रकल्पातून निघाली, तर त्यांचाच खर्च लेखापरीक्षणात अमान्य होऊ शकतो. त्यांच्या सीएसआर विभागाला हे माहीत असतं, मागणी बहुधा जनसंपर्काकडून येते. प्रस्तावात लिहा: पाठवणी सरकारी रुग्णालयात, पालकांनी स्वतः दुसरं निवडलं तर त्यांची मर्जी. नोंदवहीच्या पहिल्या पानावर "अर्थसाहाय्य" म्हणून नाव छापा, तेवढं योग्य आहे.

लंडनचे पैसे सध्या घेऊ नका. देणारा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी नव्हे. पण पोर्तुगीज किंवा ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल तर रुपयांत दिले तरी विदेशी देणगीच, आणि एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही चालत नाही. प्रत्येकाचा पासपोर्ट विचारूनच ठरवा.

आरोग्यसेविका

वेळापत्रकाचं राहिलं होतं. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात चवथ (गणेशचतुर्थी). हजेरी कोसळते आणि ताप-जुलाब वाढतात, त्याने हिमोग्लोबिनही खाली जातं. प्रकल्प ऑगस्टमध्ये सुरू धरा: पहिले तीन महिने प्रशिक्षण आणि संमतीपत्रं, पहिली फेरी नोव्हेंबरमध्ये, शेवटची एप्रिलमध्ये. संमतीपत्र मराठीत आणि कोकणीत करा, कामगारवस्तीत कन्नड लागेल. ते वाचून दाखवायचं आणि रक्ताचा थेंब का घेतो ते आईला सांगायचं. त्याच वेळी मुलाला सकाळी चहा-पाव दिला जातो का तेही विचारा. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, आणि हे घरच्या भेटीत सांगितलेलं व्याख्यानापेक्षा जास्त पाळलं जातं.